सफरचंदाची फोड खा, सिगारच्या पेटीत टाकू नका

“महागडी साधनं कशाला? ह्युमिडॉरमध्ये (सिगार साठवायच्या लाकडी पेटीत) सफरचंदाची फोड टाका, लाकूड अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा, उकाड्यात पेटी फ्रिजमध्ये ठेवा. आर्द्रता-मापकाचा काटा 70 वर असला की तापमान बघायची गरज नाही.” हा मजकूर बरेच दिवस फिरतोय. फिरेना का, म्हणून सोडून दिलं होतं. पण धाकट्या मेव्हण्याने तो शब्दशः पाळला आणि फोटो पाठवून विचारलं, “पांढरी लव आलीय, म्हणजे सिगार छान मुरतायत ना?” मुरत नाहीयेत बाबा, बुरशी आलीय. (सिगार ओढावी का, हा वेगळा वाद. तंबाखू घातकच आहे, पण इथे प्रश्न साठवणीचा आहे.)

आधी ती फोड. पेटीत ओलावा वाढवणं अवघड नसतं, तो ठरावीक जागी थांबवणं अवघड असतं. सिगारला साधारण 65 ते 70 टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाच्या हवेत जास्तीत जास्त मावेल त्या ओलाव्याच्या किती टक्के ओलावा आहे, ते) मानवते. ताजं सफरचंद जवळजवळ सगळं पाणीच, ते बंद पेटीतली हवा 90 च्याही पुढे ढकलत राहतं. 70 ला थांबायचं त्याला कोण सांगणार? शिवाय फोडीत साखर असते, म्हणजे बुरशीला खाऊही आपणच पुरवला. तयार आर्द्रता-पुड्या मिळतात त्या दोन्ही बाजूंनी काम करतात: हवा कोरडी झाली तर ओलावा सोडतात, दमट झाली तर शोषतात. फोडीला यातलं दुसरं काम येत नाही.

ओलं फडकं: लाकूड फुगतं, वाकतं, झाकण नीट बसेनासं होतं. विषय संपला.

फ्रिजबद्दल अर्धं खरं आहे, कबूल. तंबाखूत पडणारा भुंगेरा थंडीने मरतो. पण त्यासाठी सिगार घट्ट पिशवीत घालून उणे 18 च्या आसपास काही दिवस ठेवाव्या लागतात आणि मग हळूहळू सामान्य तापमानाला आणाव्या लागतात. नेहमीच्या साठवणीला फ्रिज नको. आतली हवा कोरडी असते, आणि शेजारच्या पदार्थांचे वास तंबाखू आनंदाने शोषून घेतो.

आणि तापमान बघायचं नाही म्हणे! 20 अंशांना 70 टक्के आर्द्रता असलेली हवा रिकाम्या बंद पेटीत 30 अंशांवर नेली तर काटा 40 च्या आसपास उतरतो, पाण्याचा एक थेंबही कमी न होता. भरलेल्या पेटीत तंबाखू आणि लाकूड ओलावा सोडून बरंच सावरून घेतात, पण तो ओलावा सिगारमधूनच जातो. शिवाय 25 च्या पुढे भुंगेऱ्याची अंडी जोमात उबतात. 18 ते 21 अंश ठेवा, पेटी उन्हापासून आणि गरम होणाऱ्या यंत्रांपासून लांब.

राहता राहिला तो “70 वरचा काटा”. तो खरं बोलतो हे कुणी तपासलं? बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला, मापकासह हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. लुईस ग्रीनस्पॅन यांनी 1977 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सच्या नियतकालिकात अशी संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशी) द्रावणं बंद डब्यातली आर्द्रता किती टक्क्यांवर स्थिर करतात, त्याचे आकडे छापले. मिठाचा आकडा 20 अंशांना सुमारे 75.5 आणि 30 अंशांना 75.1, म्हणजे जवळपास हलतच नाही. तुमचा काटा तिथे 71 दाखवत असेल, तर पेटीत 70 दिसतं तेव्हा खरे 74 आहेत.