‘एचआयव्ही असेल तर परदेशी जाऊ नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज पुण्यातल्या कितीतरी ग्रुपांवर फिरतोय. मी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, समुपदेशक आहे, त्यामुळे तो माझ्यापर्यंत रुग्णांच्या मोबाईलमधून पोहोचतो. मजकूर थोडक्यात असा: एचआयव्ही असणाऱ्यांनी परदेशी जाऊ नये. विमानतळावर रक्त तपासतात, पासपोर्टवर शिक्का मारतात. गोळ्या सापडल्या तर तिथूनच परत पाठवतात, म्हणून जायचंच झालं तर तेवढे दिवस गोळ्या बंद ठेवाव्यात. अशा लोकांना लसी चालत नाहीत. आणि ज्यांच्या घरी उतराल, तिथल्या लहान मुलांना धोका.

हे वाचून एका बाईंनी जर्मनीचं तिकीट रद्द करायला सांगितलं. लेकीचं पहिलं बाळंतपण, आणि आई जाणार नाही म्हणते. “ताई, मला तिथं पकडलं तर जावयाला तोंड कसं दाखवू?” एवढंच विचारत होत्या. त्यांना विचारूनच हे लिहितेय.

आधी शिक्का आणि रक्ततपासणी. पासपोर्टच्या अर्जात एचआयव्हीबद्दल प्रश्नच नसतो, मग शिक्का कुठून येणार? जर्मनीच्या पर्यटक व्हिसासाठी ही तपासणी मागत नाहीत, ब्रिटनच्याही नाही. अमेरिकेत १९८७ पासून पॉझिटिव्ह लोकांना प्रवेशबंदी होती हे खरं, पण जानेवारी २०१० मध्ये ती उठली. चीननेही त्याच वर्षी उठवली. जुन्या बंदीची भीती अजून माणसांच्या मनात आहे, आणि असे मेसेज तिच्यावरच पोसले जातात. आपल्याकडे तर २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करणं किंवा कुणाला एचआयव्ही आहे हे दुसऱ्याला सांगणं यावर त्याने बंधन घातलंय.

पण इथे एक गोष्ट खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. फिरायला जाणं वेगळं, राहायला जाणं वेगळं. आखाती देशांत नोकरीच्या व्हिसाआधी मेडिकल होतं, त्यात एचआयव्हीची तपासणी असते आणि पॉझिटिव्ह आलं की व्हिसा मिळत नाही. तिथं पोहोचल्यावर निदान झालं तर परत पाठवतात. रशियात तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर एचआयव्ही नसल्याचा दाखला लागतो. एमबीबीएससाठी तिकडे जाणारी मुलं आपल्या भागातही आहेत. सिंगापूरने २०१५ मध्ये थोड्या दिवसांच्या पाहुण्यांवरची बंदी काढली, मुक्काम लांबला की नियम बदलतो. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाने असे कुठले ना कुठले निर्बंध असलेले ४८ देश आणि प्रदेश मोजले होते. या निर्बंधांना आरोग्याच्या दृष्टीने काही आधार नाही आणि ते गेले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. तोवर मात्र एजंटाच्या हातावर पैसे ठेवण्याआधी दूतावासाचा सध्याचा नियम वाचा.

आता गोळ्या. सगळ्या मेसेजमध्ये जीवघेणं वाक्य हेच. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढायला लागतो, सीडी फोर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा, उतरतो. कधी विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो आणि मग औषधच बदलावं लागतं. सरकारने २००४ पासून ही औषधं मोफत दिली, बाई पहाटेची एसटी धरून सेंटरवर आल्या, लोकांच्या नजरा चुकवत रांगेत उभ्या राहिल्या, आणि ते सगळं एका फॉरवर्डपायी घालवायचं? प्रवासाची तारीख ठरताच सेंटरवर सांगा. तब्येत स्थिर असेल तर जास्त महिन्यांच्या गोळ्या देता येतात. गोळ्या मूळ डबीतच ठेवा, हातातल्या बॅगेत ठेवा, कारण सामानाची बॅग हरवू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असू द्या. त्यात औषधांची नावं पुरेत, आजाराचं नाव लिहायलाच हवं असं नाही. आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही एचआयव्हीची गोळी चालू असेल तर विमानात पित्ताची गोळी तिच्याबरोबर घेऊ नका, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांबद्दलही आधी विचारून घ्या. त्यांनी औषध अंगात नीट शोषलं जात नाही.

लसींचं उत्तर छोटं आहे. हिपॅटायटिस, फ्लू, टायफॉईडचं इंजेक्शन या लसी चालतात. आफ्रिकेत जाताना लागणाऱ्या पिवळ्या तापाच्या लसीत मात्र जिवंत विषाणू असतो. सीडी फोर २०० च्या खाली असेल तर ती देत नाहीत, वर असेल तर डॉक्टर विचार करून देतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, म्हणून सीडी फोरचा रिपोर्ट त्याआधी हवा.

आणि बाळ. मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा आला. मांडीवर घेतल्याने, न्हाऊ-माखू घातल्याने, मुके घेतल्याने एचआयव्ही होत नाही. औषधाने विषाणू दाबला की तो जोडीदारालासुद्धा लागत नाही, आणि हे सिद्ध करण्यात पुण्याचा वाटा आहे. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर जो मोठा अभ्यास झाला, त्यात भोसरीची ‘नारी’, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, होती. लवकर औषध सुरू केल्यावर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी झालं, हे २०११ मध्ये जगाला कळलं. ज्या शहरातल्या जोडप्यांनी हे दाखवून दिलं, त्याच शहरात आजीला नातवाजवळ जायची भीती घालतात!

बाईंनी पुन्हा तिकीट काढलंय. इथे गोळी रात्री नऊला घेतात, जर्मनीत उन्हाळ्यात तेव्हा साडेपाच वाजलेले असतात. लेकीने आत्ताच मोबाईलवर साडेपाचचा गजर लावून ठेवलाय.