पोटरी भरून येते ते वयामुळे नव्हे

ठरावीक अंतर चाललं की पोटरी भरून येते, उभं राहिलं की चार-पाच मिनिटांत सुटते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा तेच. याला ‘वय झालं’ म्हणून सोडून देणं मला अजिबात पटत नाही. पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची ही खूण असते, आणि पायाच्या धमन्यांत चरबी साचली की हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही ती असण्याची शक्यता मोठी. (मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात, पण ते दुखणं नुसतं उभं राहून जात नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं.)

तपासणी साधी आहे. घोट्याजवळचा वरचा (सिस्टोलिक) रक्तदाब भागिले दंडाचा. उत्तर ०.९० किंवा त्याखाली आलं तर धमनी अरुंद. मधुमेहात मात्र धमन्या कडक होतात, आकडा १.४० च्याही वर जातो आणि सगळं ठीक वाटतं. तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्या.

सगळ्यात घातक सल्ला म्हणजे ‘दुखतंय ना, मग चालू नका’. चालणं हाच इथे उपचार आहे. दुखणं मध्यम होईपर्यंत चाला, थांबा, पूर्ण ओसरू द्या, पुन्हा चाला. थांबे धरून ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान ३ वेळा, निदान १२ आठवडे. यानं धमनी मोकळी होत नाही, पण स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात जास्त काम करू लागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून महिन्याभरात कंटाळून सोडू नका. पायाला जखम असेल किंवा रात्री झोपेतही पाऊल दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर गाठा.

तंबाखू पूर्ण बंद. कमी करून भागत नाही.

कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून स्टॅटिन थांबवणारे खूप आहेत. अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय! एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ७० च्या खाली, शक्यतो ५५ च्या खाली ठेवायचं असतं. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या म्हणजे अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, बहुतेकांना दोन्हींपैकी एकच. मनानं दोन्ही घेतल्या तर रक्तस्राव वाढतो. सिलोस्टाझोल या गोळीनं चालण्याचं अंतर वाढतं, पण ती जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर दोन तासांनी घ्यायची, आणि हार्ट फेल्युअर असलेल्यांनी घ्यायचीच नाही.

पाय दुखतो म्हणून घट्ट मोजेही परस्पर घालू नका. ते फुगलेल्या शिरांसाठी असतात. आधीच कमी असलेलं रक्त त्यांनी आणखी अडतं.

पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला, बोटं हलेनात, तर शेक-मालीश करत बसू नका. साधारण ६ तासांत रक्त परत पोचलं नाही तर स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात.