कोण किती पितो, हे पासपोर्टवरून ओळखा

हातात ग्लास आला की माणसाला जगाचं ज्ञान होतं. तुम्हालाही होईल. त्यासाठी फार काही लागत नाही. एक दहा दिवसांची युरोप टूर, जर्मनीत नोकरीला असलेला एक जावई आणि समोरच्याला उठून जाता येऊ नये म्हणून दाराजवळची खुर्ची, एवढं पुरे. दहा दिवसांत सात देश उरकले असतील तर उत्तमच. दीड दिवसात माणूस परक्या देशाच्या थेट यकृतापर्यंत पोचतो.

सुरुवात रशियापासून करा. 'रशियन लोक व्होडका पाण्यासारखी पितात' हे वाक्य टाकलं की सगळ्या माना डोलतात. खोलीत एकानेही रशियन माणूस जवळून पाहिलेला नसतो, त्यामुळे हरकत घेणार कोण? कधीतरी एखादा वाचणारा निघतो. तो सांगतो, की तिथे झारने १९१४ सालीच दारूबंदी आणली होती, गोर्बाचेव्हनी १९८५ मध्ये दारूविरुद्ध मोहीम काढली होती, आणि २००३ ते २०१६ या काळात तिथलं दरडोई पिणं ४३ टक्क्यांनी घटल्याचं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. घाबरू नका. 'अहो, ते सगळं कागदावर' एवढंच म्हणा. कागदावर काय काय असतं याचा आपल्या सगळ्यांनाच दांडगा अनुभव आहे, विषय तिथेच मिटतो.

मग जर्मनी. इथे आवाज थोडा खाली आणा, कारण आता आदराचा भाग येतो. 'जर्मन माणूस पितो, पण शिस्तीत.' बव्हेरियात बिअर कशाकशापासून करावी याचा हुकूम १५१६ सालचा आहे, हे जरूर सांगा. ऑक्टोबरफेस्टच्या तंबूंमागे गवताच्या उतारावर जी मंडळी पालथी पडलेली असतात, तीही शिस्तीतच पालथी पडलेली असतात. बिअर पिण्यात वर्षानुवर्षं पहिला नंबर चेक लोकांचा आहे, पण त्यांचं नाव काढायचं कारण नाही. जावई प्राग शहरात नाही.

आयर्लंडचं नाव घेऊन नुसतं हसायचं. तिथे २०१८ पर्यंत गुड फ्रायडेला पब बंद ठेवावे लागत, अगदी आपल्या दोन ऑक्टोबरसारखे, हे सांगितलंत तर हशा मरतो.

फ्रेंच माणूस जेवताना वाइन घेतो आणि कधीही झिंगत नाही. मुलांना घरातच चव दिली की ती बिघडत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांच्या शाळांच्या खानावळीत चौदा वर्षांखालच्या पोरांना वाइन द्यायची नाही, असं सरकारला १९५६ साली सांगावं लागलं. तोवर मिळत होती. आपल्या आजीने सर्दीला चमचाभर ब्रँडी चाटवली, तर तो मात्र गावंढळपणा.

जपानी माणूस साहेबाने ग्लास उचलल्याशिवाय उचलत नाही. तरुण पोरं पीतच नाहीत, महसूल बुडतोय म्हणून तिथल्या करखात्याला २०२२ मध्ये 'त्यांना प्यायला कसं लावावं' याच्या कल्पना मागवायला स्पर्धा घ्यावी लागली. ती मुलं बहुधा जपानी नसावीत.

परदेश आटोपला की चखण्याची दुसरी बशी येते. आता देशात उतरा. पंजाब्याचा पतियाळा, मल्याळ्याची रांग, गोवेकराची दुपार, गुजराथ्याचं दमण. हा पाढा सगळ्यांनाच पाठ आहे, त्यामुळे तुम्ही नुसतं पहिलं अक्षर म्हटलंत तरी चालतं. आकडे मात्र बघू नका. कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी उघडलीत तर पंचाईत होईल. त्यात देशातल्या दर शंभर पुरुषांमागे एकोणीस पिणारे. रांगेसाठी बदनाम झालेलं केरळ वीसच्या आसपास, म्हणजे देशाच्या जेमतेम पुढे. अरुणाचल त्रेपन्न, तेलंगणा त्रेचाळीस. आता मला सांगा, तेलंगणाच्या माणसावर रचलेला दारूचा एक तरी विनोद तुम्ही ऐकलाय? नाही ना? म्हणजे विनोद पिण्यावर नसतोच. ज्याच्यावर आधीपासून हसायची सवय आहे, त्याच्या हातात आपण बाटली देतो.

सिंगल माल्टवर बोलायला विसरू नका. फक्त ओतताना बाटलीची चिठ्ठी आपल्याकडे फिरवून धरा. आपल्याकडची बरीचशी व्हिस्की उसाच्या मळीच्या अल्कोहोलवर उभी असते, आणि युरोपात ती 'व्हिस्की' या नावाने विकताही येत नाही.

परवान्याचा विषय काढू नका. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्या राज्यात अजून जिवंत आहे, घोटभर प्यायलाही परवाना लागतो, आणि कडक दारूला वय पंचवीस पूर्ण लागतं. खोलीत हे कुणालाच आठवत नसतं. आठवलं तर पार्टी कशी होणार?

आता शेवटची युक्ती, आणि ही खास नवी मुंबईसाठी. रशियापासून केरळपर्यंत फिरून आलात की समोर बसलेला स्थानिक माणूस शोधा. नेरूळ, घणसोली, सानपाडा, कुठेही असाल तरी एक सापडतोच. त्याच्या पाठीवर थाप मारा आणि म्हणा, 'काय दादूस, आगरी असून लिंबूसोडा?'

गेल्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये हे वाक्य मला ऐकवण्यात आलं. आमच्याच विंगमधल्या एका काकांचा नातू शिकायला जर्मनीला निघाला, त्याची पार्टी होती. मी सोडा मागितला होता. आला तो भरलेला पेग. नको म्हटलं तर 'लाजतोय', परत नको म्हटलं तर 'बायको आलीये वाटतं'. मग हळद निघाली. तुमच्याकडे हळदीला टँकर मागवतात म्हणे! बोकडापेक्षा बाटल्या जास्त असतात म्हणे! हे सांगणाऱ्या काकांनी आगरी हळद मोबाईलवर पाहिली आहे, अर्ध्या मिनिटाची, कुणीतरी फॉरवर्ड केलेली. मांडवात धवलारीण रात्रभर कुठली गाणी म्हणते, ते त्या अर्ध्या मिनिटात नसतं. अख्खं गाव येऊन भाकऱ्या भाजतं, तेही नसतं. नवरा नाचताना पडतो, तेवढं असतं.

हळदीत दारू असते का? असते. मी नाकारत नाही. अति असते, आणि त्यापायी कर्जं झाली आहेत. पण ती बंद करा म्हणून गावकीत भांडलेत कोण? आमचेच लोक. हळदीतली दारू आणि डीजे बंद, असे ठराव आमच्याच गावांतून झाले. तुमच्या पोरीच्या लग्नात आदल्या रात्री 'कॉकटेल नाइट' झाली तेव्हा कुठल्या सोसायटीने ठराव केला? तिथे दोन मामा लॉनवर आडवे झाले होते, मीच एकाला गाडीत घातलं. ते मामा कुठल्या जातीचे, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. त्यांना 'जरा जास्त झाली' होती. आम्हाला जास्त झाली की ती समाजाला झालेली असते!

आणि गटारी. आषाढाची अमावस्या आली की तुमच्या ग्रुपवर गटारात पडलेल्या माणसाचं चित्र येतं, खाली तीन हसरे चेहरे. कोलोनचा कार्निव्हलही उपासाचा काळ सुरू व्हायच्या आधी पोटभर खाऊन-पिऊन घ्यायचाच असतो. तो बघायला तुम्ही विमानाचं तिकीट काढता. आल्यावर आम्हाला फोटो दाखवता.

माझा चुलता दारूने गेला. आगरी होता म्हणून नाही गेला. ९५ गावांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे शहर उभं राहिलं, त्यात आमचीही जमीन होती. पैसे आले, शेती गेली, सकाळी उठून जायचं कुठे, हेच राहिलं नाही. जाण्यासारखी एकच जागा होती, ती नाक्यावर, आणि तिथे पाटी 'परमिट रूम'ची होती. चुलतीने ते सगळं काढलं. आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूचं दुकान बंद करायच्या मतदानासाठी, बायकांच्या सह्या गोळा करत ती दारोदार फिरली. मी सोडा का मागतो, हे तुम्हाला सांगायला मी बांधील नाही, तरी सांगितलं.

त्या पार्टीत माझ्या शेजारी एक सरदारजी बसले होते. अमृतधारी आहेत, दारूला शिवत नाहीत. त्यांनाही पतियाळाचा विनोद ऐकवून झाला होता. आम्ही दोघं आपापले ग्लास तळहाताने झाकून बसलो होतो. आणि पलीकडे आठव्या मजल्यावर भाड्याने राहणारा केरळचा पोरगा. तेवीस वर्षांचा, नोकरीचं पहिलं वर्ष. तो 'बस, अंकल' म्हणत होता. 'अरे, तुम्हा लोकांना पचतं' म्हणून काका ओतत होते. पचलं नाही. लिफ्टमध्ये ओकला. काकांनी वर मान करून विचारलं, 'मल्याळी असून?'

अहो काका, पंचवीसच्या आतल्या पोराला तुम्ही पाजलीत. तो नको म्हणत होता. नको म्हणजे नको, मग तो मल्याळी असो, सरदार असो, नाहीतर मी असो. आणि ज्याला खरंच झेपत नाही, त्याला 'याला काय होतंय, हे लोक मुरलेले' म्हणून तुम्ही गाडीची किल्ली देता आणि रात्री दीड वाजता पाम बीच रोडवर सोडता. हे तुमचं जगाचं ज्ञान! सात देश फिरलात, शेजारच्या दाराआड कोण राहतं ते कळलं नाही. गाव तुमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून आहे. किती वेळा आलात? मासळी घ्यायला, तेही घासाघीस करायला.

ती लिफ्ट रात्री दोनला वॉचमनने धुतली. पाहुणे तुमचे, बाटली तुमची, ओतणारा हातही तुमचा. धुवायला तो का? पुढच्या पार्टीत सोडा मागणाऱ्याला सोडा द्या, आणि नाही दिलात, तर बादली आणि खराटा मीटर रूममध्ये असतो, पाण्याचा नळ तिथेच डाव्या हाताला आहे.