मरियेची जपमाळ आणि वेदीवरची भाकर: एका फिरत्या संदेशाला उत्तर

सप्टेंबर उजाडला, वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा जवळ आली, की आम्हा कॅथलिकांकडे एक संदेश हमखास फिरू लागतो. या वर्षी तो मला तिघा नातेवाइकांकडून आला. त्यांतला एक माझा भाचा. तो अलीकडे दुसऱ्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेला जातो. संदेशाखाली त्याने लिहिलं होतं, "मावशी, याला उत्तर आहे का?" प्रश्न त्याने मनापासून विचारला, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

संदेशाचं म्हणणं थोडक्यात असं. येशूच्या शेवटच्या भोजनाला त्याची आई मरिया नव्हती, म्हणून तिचा आणि मिस्साचा (वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याच्या आमच्या उपासनेचा) बायबलमध्ये काही संबंध नाही. हा संबंध पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००३ साली जोडला. कॅथलिक लोक मिस्साबलिदान मरियेला वाहतात. आणि पुरावा हवा असेल तर बुधवारी माहीमच्या चर्चला जाऊन बघा. सगळी गर्दी आईपुढे, प्रभूच्या मेजाकडे कुणाचं लक्ष नाही.

आधी २००३ सालाचं बघू, कारण बाकीचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. १७ एप्रिल २००३ रोजी, पवित्र गुरुवारी, पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तशरीरसंस्कारावर, म्हणजे मिस्सातल्या भाकर-द्राक्षारसाच्या संस्कारावर, 'एक्लेसिया दे युखारिस्तिया' हे पत्र काढलं आणि त्याचं सहावं प्रकरण मरियेवर लिहिलं, हे खरं आहे. 'युखारिस्ताची स्त्री' हे तिचं वर्णनही त्यातलंच; युखारिस्त म्हणजे हाच संस्कार. पण ही जोडणी तेव्हा पहिल्यांदा झाली, हे चूक आहे, आणि थोडीथोडकी नाही, जवळजवळ एकोणीसशे वर्षांची चूक आहे.

अंत्युखियाचे बिशप इग्नाती यांना साधारण सन ११० च्या सुमारास पहाऱ्यात रोमला नेलं जात होतं, मारण्यासाठी. वाटेत त्यांनी वेगवेगळ्या मंडळ्यांना पत्रं लिहिली. येशूला खरं शरीर नव्हतंच, नुसता भास होता, असं शिकवणारे लोक त्या काळी होते. त्यांच्याविषयी इग्नाती स्मुर्णाच्या मंडळीला लिहितात की हे लोक युखारिस्तापासून दूर राहतात, कारण ते आपल्या तारणाऱ्या येशूचं शरीर आहे हे त्यांना मान्य नाही. आणि त्याच शिकवणीला उत्तर देताना त्रल्लेसच्या मंडळीला लिहितात की येशू खरोखर मरियेपासून जन्मला, खरोखर जेवला-प्याला, खरोखर क्रुसावर मेला. म्हणजे वेदीवरचं शरीर खरं का, तर ते एका बाईच्या पोटी जन्मलेलं खरं शरीर आहे म्हणून. मरियेची भक्ती या मुळातून उगवली आहे. तिला बाजूला केलं की येशूचं शरीर हवेत तरंगू लागतं, आणि मग मेजावरच्या भाकरीला 'हे माझे शरीर आहे' म्हणण्याला आधारच उरत नाही.

संत ऑगस्टीन हेच आणखी उघड बोलतात. एका स्तोत्रावर प्रवचन करताना ते म्हणतात की ख्रिस्ताने मरियेच्या देहातून देह घेतला, त्याच देहाने तो इथे वावरला, आणि तोच देह त्याने आपल्या तारणासाठी आपल्याला खायला दिला. आधी आराधना केल्याशिवाय तो कुणी खात नाही. या एका वाक्यात आई, वेदी आणि आराधना तिन्ही आहेत, आणि आराधना कुणाची हेही आहे.

मग एफेसची परिषद, सन ४३१. तिथे मरियेला 'देवाची माता' म्हणायचं की नाही यावर वाद झाला, एवढं पुष्कळांना माहीत असतं. त्या वादात मिस्सा कुठे होता हे फारसं कुणी सांगत नाही. कॉन्स्टँटिनोपलचे बिशप नेस्तोर म्हणत होते, तिला 'ख्रिस्ताची माता' म्हणा. आलेक्सांद्रियाचे बिशप सिरिल यांनी ४३० साली त्यांना जे पत्र धाडलं, त्यात त्यांनी थेट वेदीकडे बोट दाखवलं. आपण तिथे जे घेतो ते कुणा सामान्य माणसाचं, नुसतं पवित्र केलेलं मांस म्हणून घेत नाही. ते शब्दाचं, म्हणजे देवपुत्राचं स्वतःचं, जीवन देणारं शरीर आहे. मरियेने जन्म दिलेला तो जर देवच नसेल, तर त्याचं शरीर कुणाला जीवन कसं देणार? मला हा युक्तिवाद फार मोलाचा वाटतो. मरियेला दिलेली ती उपाधी तिच्या थोरवीसाठी मिळवलेली नव्हती. त्या उपाधीने आपल्या जिभेवर ठेवल्या जाणाऱ्या भाकरीचा अर्थ राखला.

भाच्यासाठी इथे एक गोष्ट सांगते. प्रोटेस्टंट सुधारक मार्टिन लुथर यांनी १५२१ साली मरियेच्या स्तोत्रावर आदराने भाष्य लिहिलं, आणि १५२९ साली मारबुर्गला ख्रिस्तशरीरावर वाद झाला तेव्हा त्यांनी 'हे माझे शरीर आहे' हे शब्द मेजावर खडूने लिहून ठेवले आणि त्यावरून हटले नाहीत. मिस्साच्या बलिदानाविषयी त्यांचा आमच्याशी कडक मतभेद होता, तो मी झाकत नाही. पण मरिया आणि वेदी यांची संदेशातली फाळणी त्यांच्याकडेही सापडत नाही.

आता बायबल. शेवटच्या भोजनाच्या वर्णनात मरियेचं नाव नाही, हे बरोबर आहे. २००३ चं ते पत्रसुद्धा हीच गोष्ट सुरुवातीला मान्य करतं. मात्र प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ती प्रेषितांबरोबर एकचित्ताने प्रार्थना करताना दिसते, आणि दुसऱ्या अध्यायात तीच मंडळी भाकर मोडण्यात तत्पर राहते. योहानाच्या शुभवर्तमानात येशूची आई दोनदाच समोर येते, काना गावच्या लग्नात आणि क्रुसाखाली. काना गावात द्राक्षारस संपतो आणि ती नोकरांना म्हणते, "हा तुम्हांला जे काही सांगेल ते करा." शेवटच्या भोजनाला येशू म्हणतो, "हे माझ्या स्मरणार्थ करा." क्रुसाखाली ती उभी असते, आणि तिथेच त्याच्या कुशीतून रक्त आणि पाणी वाहतं. हे कोर्टातल्या पुराव्यासारखं मांडता येणार नाही, मान्य आहे. चर्च शुभवर्तमान असं वाचत आलं, पानं एकमेकांशेजारी ठेवून. आणि येशूचं रक्तमांस कुठून आलं, हे तर लूक पहिल्याच अध्यायात सांगतो. त्यासाठी पानं जुळवावी लागत नाहीत.

मिस्सा मरियेला वाहिला जातो, हा तिसरा आरोप मात्र मला खरोखर लागतो, कारण तो आमच्या श्रद्धेच्या गाभ्यावर आहे. चौथ्या शतकात अरबस्तानात काही बायका मरियेच्या नावाने छोट्या भाकऱ्या अर्पण करत, असं सलामिसचे बिशप एपिफानी यांनी नोंदवलं आहे. त्यांनी त्या प्रथेचा कडाडून निषेध केला. मरियेला मान द्या, आराधना पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याची करा, असं त्यांनी बजावलं. कॅथलिक चर्चच्या त्रेंतच्या परिषदेने १५६२ साली तेच नियमात बसवलं. संतांच्या सन्मानार्थ मिस्सा होतो, पण बलिदान संतांना अर्पण होत नाही, ज्याने त्यांना मुकुट दिला त्या एकट्या देवाला होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली पुन्हा सांगितलं की मरियेची भक्ती आणि देवाची आराधना यांत मुळातलाच फरक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रोमच्या धर्मसिद्धांत विभागाने मरियेला 'सहतारणकर्ती' म्हणणं योग्य नाही, असंही स्पष्ट केलं.

घोटाळा थोडा आपल्या भाषेतही आहे. मराठीत आईची भक्ती, गुरूची भक्ती, देवाची भक्ती, सगळ्याला एकच शब्द. चर्चमध्ये मात्र शरीर फरक ओळखतं. ख्रिस्तशरीर ठेवलेल्या पेटीजवळ अखंड दिवा तेवतो, आणि तिच्यासमोरून जाताना आपण उजवा गुडघा जमिनीला टेकतो. मरियेच्या मूर्तीसमोरून जाताना तसा नियम नाही. आजी मला लहानपणी हाताला धरून हे शिकवायची: आधी प्रभूला गुडघा, मग आईला फूल.

राहिलं माहीम. सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून बुधवारची नोव्हेना, म्हणजे मरियेला विनवणीची ठरलेली प्रार्थना, चालते आणि दिवसभर लोटणाऱ्या त्या गर्दीत हिंदू, मुसलमान, पारशी असे कितीतरी असतात. त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही, म्हणून ते कम्युनियन (मिस्सात दिलं जाणारं ख्रिस्तशरीर) घेत नाहीत. त्यावरून कॅथलिकांनी वेदीकडे पाठ फिरवली असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं आहे.

तरीही संदेशात सत्याचा एक काटा आहे आणि तो मी उपटून फेकणार नाही. मिस्सा चालू असताना मागच्या बाकावर जपमाळ ओढणारी माणसं मी पाहिली आहेत. नोव्हेना चुकली तर हळहळणारी आणि रविवारच्या मिस्साला सहज दांडी मारणारीही पाहिली आहेत. पोप सहावे पॉल यांनी २ फेब्रुवारी १९७४ च्या पत्रात अशा सरमिसळीवर बोट ठेवलं होतं. मिस्सादरम्यान रोझरी, म्हणजे जपमाळ, म्हणणं चूक आहे आणि नोव्हेना मिस्सात मिसळली तर प्रभूचं स्मरण भक्तिप्रकाराचं निमित्त होऊन बसतं, असा त्यांचा इशारा होता. ही दुखणी आहेत, आणि त्यांवरचं औषध चर्चने स्वतःच लिहून ठेवलं आहे.

फ्रान्समधल्या लुर्ड या मरियेच्या तीर्थक्षेत्री ते औषध दिसतं. जिला पुढे तिथे मरियेची दर्शनं झाली ती बर्नादेत १८५८ च्या जानेवारीत लुर्डला परतली ती पहिल्या कम्युनियनची तयारी करण्यासाठी. ते तिला त्याच वर्षी ३ जूनला मिळालं, दर्शनं संपण्याआधी. आणि १८८८ पासून तिथे ख्रिस्तशरीराची मिरवणूक निघते, तिच्यात आजाऱ्यांना पवित्र साक्रामेंताने, म्हणजे त्याच ख्रिस्तशरीराने, आशीर्वाद दिला जातो. आईच्या गावात आशीर्वाद मुलाचा. आपल्या रोझरीतसुद्धा २००२ पासून प्रकाशाची रहस्ये, म्हणजे येशूच्या जीवनातले चिंतनाचे प्रसंग, आहेत. त्यांची सुरुवात यार्देन नदीतल्या बाप्तिस्म्याने होते, आणि पाचवं रहस्य ख्रिस्तशरीरसंस्काराच्या स्थापनेचं.

भाच्याला मी लिहिलं आहे: येत्या रविवारी सातच्या मिस्साला ये, माझ्या शेजारी बस. कम्युनियन घ्यायला मी तुला सांगणार नाही. युखारिस्ताची प्रार्थना सुरू झाली की फक्त दोन गोष्टींकडे कान दे. मरियेचं नाव कुठे येतं, आणि सगळी प्रार्थना कुणाला उद्देशून आहे. मग घरी चहा घेताना मला सांग, त्या संदेशातलं काय उरलं.