'सिटिझन'ची समीक्षा आणि 'अपराधी भावना': एका निनावी प्रतिक्रियेला उत्तर

निनावी महोदय,

कृष्णवर्णीय अमेरिकन कवयित्री क्लॉडिया रँकिनच्या वर्णद्वेषाबद्दलच्या 'सिटिझन: अ‍ॅन अमेरिकन लिरिक'वरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेलं वाचलं. थेट इथे येणाऱ्यांसाठी आपलं म्हणणं आधी सांगते. पुस्तक म्हणजे गद्याचे तुकडे आहेत. नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळालेलंच नाही. अमेरिकेतल्या गोऱ्या समीक्षकांनी अपराधी भावनेपोटी ते डोक्यावर घेतलं, कविता म्हणून कुणी तपासलंच नाही. आपल्याकडे नामदेव ढसाळ असताना हे कशाला. आणि सगळ्यात शेवटी, 'बाईंनी आधी वृत्तं शिकावीत, मग कवितेवर लिहावं.'

शेवटापासून सुरुवात करते, कारण ते वाक्य मला लागलं. माझे वडील शाळेत संस्कृत शिकवायचे. आमच्याकडे परवचा झाला की लघु-गुरू पाडायला बसवायचे. मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या अक्षरावर यती येतो, हे मला बाराखडीबरोबरच कळलं. पुढे कॉलेजात टी.वाय.च्या मुलांना इंग्रजी कविता शिकवण्यात सगळी नोकरी गेली. हे इथे सांगायची काही गरज नव्हती, ती वेळ आपण आणलीत. कवितेबद्दल मतभेद असू शकतात, पण समोरच्याची लायकी काढून बोलणं म्हणजे मतभेद नव्हे, आणि तेही स्वतःचं नाव न लावता.

एक गोष्ट मान्य करते. २०१४ चं नॅशनल बुक अवॉर्ड लुईस ग्लिकच्या संग्रहाला मिळालं, 'सिटिझन' अंतिम यादीपर्यंतच पोचलं होतं. सेरेना विल्यम्सवरचं प्रकरणही सरळसरळ निबंध आहे. २००४ च्या यूएस ओपनमध्ये तिच्याविरुद्ध दिलेले चुकीचे निर्णय आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तिने गिळलेला राग, हे सगळं तिथे गद्यातच येतं.

आता त्या 'अपराधी भावने'बद्दल. हे वाक्य तुम्ही जितक्या सहज टाकलंत तितक्या सहज मी सोडणार नाही.

नॅशनल बुक क्रिटिक्स सर्कल ही पुस्तकांवर नियमित लिहिणाऱ्यांची संस्था. त्यांनी हे पुस्तक कविता आणि समीक्षा अशा दोन्ही विभागांच्या अंतिम यादीत घेतलं. एकच पुस्तक दोन विभागांत, असं त्यांच्याकडे आधी कधीच झालं नव्हतं. मार्च २०१५ मध्ये निकाल लागला. कवितेचा पुरस्कार रँकिनला मिळाला, समीक्षेचा एलन विलिसच्या लेखसंग्रहाला. नुसती अपराधी भावनाच असती तर दोन्ही देऊन मोकळे झाले असते. हे कवितेत बसतं की समीक्षेत, हाच प्रश्न त्यांनी जाहीरपणे विचारला, आणि त्याचं उत्तर 'कविता' असं दिलं. याला तपासणं नाही तर काय म्हणायचं? न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत हेच पुस्तक ललितेतर विभागात होतं, म्हणजे गोंधळ होता आणि तो कुणी लपवलाही नाही. पुढे ब्रिटनमध्ये त्याला २०१५ चं फॉरवर्ड प्राइझ मिळालं. त्याच वर्षीच्या टी. एस. एलियट प्राइझच्या अंतिम यादीतही ते होतं, पण तो पुरस्कार सेरा हाऊच्या पहिल्या संग्रहाला गेला. डोळे झाकून वाटलेले पुरस्कार असे येत-जात नाहीत.

फर्ग्युसनच्या लाटेवर पुस्तक चाललं, असंही काही जण म्हणतात. फर्ग्युसन गावात मायकल ब्राउन या कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळ्या घातल्या ऑगस्ट २०१४ मध्ये, आणि त्यावरून देशभर निदर्शनं झाली. मिनिआपोलिसच्या ग्रेवुल्फ प्रेसने पुस्तक आणलं ऑक्टोबरमध्ये. दोन महिन्यांत असं पुस्तक लिहून होत नाही. मुखपृष्ठावर हुडीची नुसती टोपी आहे. ती बघून सगळ्यांना २०१२ मध्ये हुडी घातलेला असताना मारला गेलेला कृष्णवर्णीय मुलगा ट्रेव्हॉन मार्टिन आठवतो, पण डेव्हिड हॅमन्सची ती कलाकृती १९९३ ची आहे. आणि हा घाट रँकिनने २००४ च्या 'डोन्ट लेट मी बी लोनली'मध्येच वापरला होता. उपशीर्षकसुद्धा हेच होतं. तेव्हा कुणाची अपराधी भावना जागी झाली होती?

'गद्याचे तुकडे' म्हणता, तर एक तुकडा नीट बघा. 'तू' एका समुपदेशक बाईकडे पहिल्यांदाच चालली आहेस. आधीचं सगळं बोलणं फोनवर झालेलं. बाजूचं फाटक बंद, म्हणून तू पुढच्या दाराची घंटा वाजवतेस. दार उघडतं आणि ती बाई तुझ्यावर जीव खाऊन ओरडते, माझ्या अंगणात काय करतेस, चालती हो. तू दोन पावलं मागे सरून कशीबशी सांगतेस, माझी वेळ ठरली आहे. मग सगळं थांबतं. मग तिचं सॉरी, पुन्हा सॉरी, पुन्हा पुन्हा सॉरी. तुकडा तिथेच संपतो. 'तू' त्यावर काय म्हणालीस, माफ केलंस की तशीच परत फिरलीस, यातलं काहीही लिहिलेलं नाही. गोष्ट सांगायची असती तर पुढचं आलं असतं. ते नेमकं कुठे तोडायचं, हे रँकिनला कळतं आणि हे कळणं कवीचं आहे. आणखी एक पान आहे, मारल्या गेलेल्यांच्या नावांचं. 'च्या स्मृत्यर्थ' अशी ओळीखाली ओळ, आणि खाली जाता जाता शाई फिकी होत जाते. शेवटच्या ओळींत नावंच नाहीत. पुढच्या छपायांमध्ये तिथे नवी नावं आली. ते पान मी वर्गात दाखवलं आहे. गद्य की पद्य, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

ढसाळांचं म्हणाल, तर 'गोलपीठा' माझ्याही कपाटात आहे. ढसाळ वाचायला रँकिन मिटवून ठेवावी लागत नाही. ढसाळांच्या दलित पँथरने नावच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं होतं, हे तुम्हाला माहीत असेलच. तेव्हा या दोघांना एकमेकांविरुद्ध उभं करायचा उद्योग निदान त्यांच्या नावाने करू नका.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्यासारखं त्यांत काही नाही. पुस्तकातल्या एखाद्या पानावर आक्षेप असेल तर ते पान सांगून, नाव लावून लिहा, मी सविस्तर उत्तर देईन. मला वृत्तं शिकवायला निघालेली पुढची निनावी प्रतिक्रिया मात्र इथे प्रकाशित होणार नाही.