तिच्या घरात देवघर नाही

दुपारपासून डोकं फिरलंय. म्हटलं लिहूनच टाकावं, नाहीतर आज रात्री झोप लागायची नाही.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आमच्या प्रभागातून महापालिकेला एक ताई उभ्या आहेत, त्यांच्याबद्दल. काय, तर "यांच्या घरात देवघर नाही. विचार करून मत द्या." बस, एवढंच. म्हणजे कोणीतरी मीटिंगच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेलं, पोहे खाल्ले, चहा प्यायला, आणि सगळा वेळ देव कुठे ठेवलेत ते शोधत बसलं. आणि खाली वीस-पंचवीस अंगठे. ज्यांनी अंगठे दिले त्यातले निम्मे गेल्या मे महिन्यात याच ताईंच्या मागे उभे होते, जेव्हा दिवसाला सात-सात टँकर मागवून मेंटेनन्सचं दिवाळं निघालं होतं आणि ही बाई एकटी कागदांची पिशवी घेऊन पाण्याच्या लाइनसाठी हेलपाटे मारत होती. तेव्हा देवघर आठवलं नाही कोणाला!

माझ्या घरी देवघर आहे. रोज संध्याकाळी दिवा लावते, संकष्टी करते, गौरी-गणपतीला सुट्टी काढून गावी जाते. त्यामुळे हे मी नास्तिक म्हणून लिहीत नाहीये हे आधीच सांगते.

हा मेसेज वाचल्या वाचल्या मला आमच्या आण्णांची, म्हणजे माझ्या आजोबांची आठवण झाली. गाव माण तालुक्यातलं, म्हणजे पाण्याचं काय ते वेगळं सांगायला नको. आण्णा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर आषाढीला पायी पंढरपूर, एकादशी कधी चुकली नाही. मी पाचवी-सहावीत असेन, ग्रामपंचायतीची निवडणूक लागली आणि आमच्या वॉर्डातून एक रिटायर झालेले मास्तर उभे राहिले. मास्तर देव मानायचे नाहीत. लपवायचे पण नाहीत. प्रचाराचा नारळ फोडायला सगळे देवळात जायचे तर हे गेले आडावर, आणि तिथे रांगेत हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायकांशी बोलत बसले. झालं, गावभर चर्चा. आणि आण्णा उघड मास्तरांच्या बाजूने! कोणीतरी पारावर विचारलं, आण्णा, तुम्ही माळकरी माणूस आणि देव न मानणाऱ्याला मत देणार? तर आण्णा म्हणाले, "त्याच्याकडनं काय कीर्तन करून घ्यायचंय व्हय? पाणी आणायचंय."

एवढंच तर आहे हो. नगरसेवकाकडून आपल्याला काय हवंय? पाणी, ड्रेनेज, कचरा, फुटपाथ, रस्त्यावरचे दिवे. यातल्या कुठल्या कामाला देवघर लागतं?

आणि ज्यांच्या घरात हॉलएवढं देवघर आहे त्यांनी काय केलं ते पण बघा ना. याच वर्षी आमच्या सोसायटीसमोरून देवदर्शनाच्या दोन एसी बसेस सुटल्या, फुकट, वर जेवण, वर साडी. बसवर देवापेक्षा उमेदवाराचा फोटो मोठा. मला याची जास्त चीड येते. देवाच्या नावाने मत विकत घेतात, आणि तिकडे एक बाई खरं सांगते की बाई मी नाही करत पूजा, तर ती वाईट. खोटं खोटं चार फोटो ठेवले असते भिंतीवर तर चाललं असतं सगळ्यांना!

आपल्या महाराष्ट्राला हे शोभतं का? इथे आगरकर झाले, ज्यांची लोकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि आज त्यांच्या नावाने आपण मान वर करतो. आणि जे लोक हा मेसेज फॉरवर्ड करतायत त्यातल्या बऱ्याच जणांच्या डीपीला सावरकर आहेत. अहो, त्यांनी स्वतःच्या देहाला विद्युतदाहिनीत अग्नी द्या, मागे विधी करत बसू नका असं लिहून ठेवलं होतं. त्यांना पण मत नसतं दिलं का तुम्ही? 1967 ला दक्षिण मुंबईने जॉर्ज फर्नांडिसांना निवडून दिलं, समोर स. का. पाटलांसारखा मुंबईचा सम्राट म्हणवणारा माणूस. लोकांनी बघितलं की हा कामगारांसाठी रस्त्यावर येतो, रविवारी चर्चमध्ये जातो का ते नाही बघितलं. 1980 मध्ये अंतुले मुख्यमंत्री झाले. त्यांच्यावर टीका भरपूर झाली, सिमेंट प्रकरणावरून झाली आणि व्हायलाच हवी होती, पण ती कारभारावरची टीका, ते मुसलमान आहेत म्हणून नाही.

घटनेत तर सरळ दोन वाटा दिल्यात. ईश्वरसाक्ष शपथ घ्या नाहीतर गांभीर्यपूर्वक दृढकथन करा. दोन्हींची किंमत सारखी. आणि लोकसभा-विधानसभेला धर्माच्या नावावर मत मागणं किंवा देऊ नका म्हणणं हा भ्रष्ट आचार आहे, 1987 ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक त्यावरूनच रद्द झाली, 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं की उमेदवाराचा धर्म असो की मतदाराचा, तो मध्ये आणायचा नाही. तरी आपण ग्रुपवर तेच करतोय, सकाळी सुविचार टाकतो त्याच बोटांनी.

हां, एवढं मान्य, उद्या कोणी उमेदवार म्हणाला की माझ्या धर्मात बसत नाही म्हणून मुलींनी असं करू नये नि तसं करू नये, तर मग मी त्याचा धर्म बघणार. आणि लोकांच्या श्रद्धेची टिंगल करणारे नास्तिक पण असतात, मला भेटलेत, डोक्यात जातात. पण या ताई तशा नाहीत. गणपतीत मांडवाची परवानगी अडकली होती तेव्हा त्याच धावल्या होत्या.

मास्तर पण तसे नव्हते. ते तर सांगायचं राहिलंच.

मतदानाच्या आदल्या रात्री समोरच्या पार्टीने आमच्या वॉर्डातल्या लोकांना देवळात बोलावलं, पैसे वाटले आणि प्रत्येकाला भंडारा, म्हणजे देवाची हळद, उचलून मताची शपथ घ्यायला लावली. गावात भंडारा उचलला म्हणजे विषय संपला, माणूस फिरत नाही. आण्णांनी नाही उचलला. घरी आले ते थरथरत होते रागाने. म्हणाले, माझ्या देवाला दलालीला बसवलं यांनी. मागोमाग मास्तर आले. मला अजून दिसतं, त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या, खाली बसले. आण्णा म्हणाले, मास्तर, तुम्हीच सांगा लोकांना, असल्या शपथेत काय राम नाही, मोडा म्हणावं. तुमचा तर विश्वासच नाही यावर. मास्तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "माझा नाही आण्णा, त्यांचा आहे ना. त्यांना रात्र-रात्र झोप लागणार नाही. राहू द्या."

मास्तर अकरा मतांनी पडले. नळ यायला पुढे किती वर्षं गेली! आई तोवर आडावरच जायची.

हे लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. ज्यांनी तो मेसेज पहिल्यांदा टाकला त्या काकूंना मी ओळखते. कोविडमध्ये आमच्या घरी पंधरा दिवस दोन्ही वेळचे डबे त्यांच्याकडून यायचे, वाईट मनाच्या नाहीत त्या. ग्रुपवर भांडण्यापेक्षा आत्ता सरळ फोनच केला. म्हटलं काकू, उद्या सात वाजता ताई क्लबहाउसला येतायत, चला माझ्याबरोबर.

काकू म्हणाल्या, "येते, पण मी त्यांना देवघराचं विचारणार हं."

म्हटलं विचारा. पण आधी टँकरचं विचारा.