काचेवरचं पटल जखडलेलं असतं का?

नमस्कार. तुमचे आक्षेप तीन: प्रयोगात पेशीऐवजी वापरतात तो काचेवर पसरलेला लिपिडचा (मेदरेणूंचा) थर म्हणजे पेशीचं पटल, तिचं बाहेरचं आवरण, नव्हे, काच प्रथिनांना धरून ठेवते, आणि अशा पटलावरून जिवंत पेशीबद्दल बोलणं ही धूळफेक आहे. पहिला मान्य, दुसरा अर्धा मान्य, तिसरा मुळीच नाही.

थर काचेला चिकटत नाही. स्वच्छ काचेवर लिपिडच्या बारीक पुटिका (पोकळ फुगे) सोडल्या की त्या फुटून पसरतात आणि ४ ते ५ नॅनोमीटर जाडीचा दुहेरी थर बनतो. त्याच्याखाली १-२ नॅनोमीटर पाणी उरतं, म्हणून लिपिड मोकळेपणी सरकतात. हे गृहीत धरत नाहीत, तपासतात. थरात चमकणारे रेणू मिसळून लेसरने एक गोल ठिपका विझवायचा. थर नीट असेल तर कडेकडून उजेड आत शिरतो आणि ठिपका पुसला जातो. काच मळकी राहिली असेल तर ठिपका काळाच राहतो आणि तो नमुना बाद होतो.

आता अशा थरावरून जिवंत पेशीबद्दल काय कळतं ते बघू. उदाहरण टी-पेशींचं, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशींचं. त्या दुसऱ्या पेशीला भिडल्या की त्यांचे रिसेप्टर (खूण ओळखणारी प्रथिनं) संपर्काच्या मध्यभागी गोळा होतात आणि भोवती चिकटणाऱ्या प्रथिनांचं कडं पडतं, हे १९९८ साली दोन खऱ्या पेशींमध्ये दिसलं होतं. १९९९ साली रोगप्रतिकारशास्त्रज्ञ मायकेल डस्टिन आणि सहकाऱ्यांनी समोरची पेशीच काढून टाकली. तिच्या जागी काचेवरचा थर आणि त्यात दोनच प्रथिनं: पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) धरून ते टी-पेशीच्या रिसेप्टरला दाखवणारं एमएचसी आणि चिकटायला मदत करणारं आयकॅम-१. तरीही तीच रचना उभी राहिली! शिवाय एमएचसी आधी बाहेरच्या कड्यावर दिसलं आणि मग मध्याकडे सरकलं. जखडलेल्या पटलात हे होणंच शक्य नाही. समोरच्या पेशीच्या आतल्या सांगाड्याशिवायही टी-पेशी ही रचना घडवते, हे दोन जिवंत पेशी जोडून कधीच सिद्ध झालं नसतं. थरात जे नाही, त्यामुळेच हे उत्तर मिळालं.

तुमचं अर्धं खरं ते इथे. त्या प्रयोगातली प्रथिनं थराच्या फक्त वरच्या पदरात लिपिडच्या टोकाने रोवलेली होती. पटलातून आरपार जाणाऱ्या, खाली मोठा भाग लोंबणाऱ्या इंटेग्रिनसारख्या प्रथिनांना तेवढं पाणी पुरत नाही, ती काचेला घासून अडकतात. त्यासाठी मध्ये पॉलिमरची गादी घालतात, तरी सगळी मोकळी होतातच असं नाही. म्हणून असा शोधनिबंध हाती आला की आधी प्रथिनाची स्वतःची हालचाल मोजली आहे का ते बघा, नुसत्या लिपिडची नव्हे. ती मोजलेली नसेल, तर त्या निबंधापुरता तुमचा आक्षेप मी जसाच्या तसा मान्य करेन.